आधी गेटबाहेर

वाफवाले सायकलवरून पडून गेले, असं सगळं गाव सांगत होतं. सायकल मात्र कुलूपबंद होती.

मुकादमकाकांनी ती चौथ्या दिवशी खांद्यावर घालून घरी आणली. "मागचं चाक फिरत नाही गं," ते धापा टाकत वाफवाल्यांच्या मुलीला म्हणाले. "पडताना वाकलं असणार." त्यांनी ती ओट्याला टेकवली, सीटवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, डोळे पुसले आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले. डोळे खरोखरच ओले होते. तेच तिला नंतर सगळ्यात जास्त खुपलं.

ते गेल्यावर ती सायकलपाशी उकिडवी बसली. चाक कुठंच वाकलेलं नव्हतं. सीटखालच्या गोल कुलपाचा दांडा आऱ्यांमधून आरपार गेला होता. किल्ली इस्पितळातून मिळालेल्या पिशवीत होती, चष्मा, रुमाल आणि दात पडलेल्या कंगव्याबरोबर. तिनं किल्ली लावली. चाक एका बोटानं गरागरा फिरलं.

बाबा सकाळी कामावर पोचले की सायकल शेडमध्ये लावायचे, कुलूप घालायचे आणि किल्ली खिशात टाकायचे. ज्या कुणी ती शेडमधून उचलून रस्त्याच्या वळणावर नेऊन आडवी टाकली, त्यांना किल्लीची आठवणच झाली नव्हती. उचलून नेलेल्या सायकलीला किल्ली लागते कशाला?

"कसला आवाज गं?" आईनं आतून विचारलं.

"काही नाही. सायकल पुसतेय."

बाबा दूधसंघाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळत होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे ते वाफवाले. आणि ती वाफवाल्यांची मास्तरीणबाई. लहानपणी पुडीचा कागदसुद्धा वाचून झाल्याशिवाय फेकू देत नसे, म्हणून मुकादमकाकांनीच ठेवलेलं नाव. शिकून ती मास्तरीण काही झाली नाही, शहरातल्या वाचनालयात ग्रंथपाल झाली. शहर चार तासांवर. निरोप मिळून ती इस्पितळात पोचली तेव्हा बाबांवर चादर ओढलेली होती.

तिथल्या तरुण डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मानेचा मणका मोडलाय. पडल्यावर त्यांना कुणी उचललं होतं का? मानेला आधार न देता उचललं की मग..." त्यानं वाक्य सोडून दिलं. तिनं बाहेर येऊन मुकादमकाकांना विचारलं.

"छे छे! बोटसुद्धा लावलं नाही आम्ही," काका म्हणाले. "जिथं पडला तिथंच होता. गाडी येईपर्यंत पन्नास मिनिटं मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो."

छत्री खरी असावी, असं तिला आता वाटत होतं. खोट्यात थोडं खरं कालवलं की ते घशाखाली उतरतं.

खोटं कशासाठी, हे कळायला तिला फार डोकं चालवावं लागलं नाही. कारखान्याच्या गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला, वजनकाट्याच्या भिंतीवर, एक हिरवा पत्रा होता. त्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं, ‘अपघाताविना दिवस’, आणि खाली खिळ्यांना अडकवलेले पत्र्याचे आकडे. जिल्ह्याच्या आरोग्य समितीनं जाहीर केलं होतं की ज्या कामाच्या जागी सलग हजार दिवस एकही अपघात होणार नाही, तिथल्या गावाला रुग्णवाहिका मिळेल. कायमची, चालकासकट. सगळ्यात जवळचं इस्पितळ पाऊण तासावर होतं आणि तिथली एकुलती एक गाडी सतरा गावांत फिरत असे. त्यामुळे तो पत्र्यावरचा आकडा साऱ्या गावाचा झाला होता. दूध घालायला येणाऱ्या बायका आधी आकडा बघत, मग वजन. रोज सकाळी तो बदलायचं काम बाबांचं. बाबा गेले त्या दिवशी तिथं नऊशे शहात्तर होतं. दुसऱ्या दिवशी नऊशे सत्त्याहत्तर.

अपघात गेटबाहेर झाला होता. तो मोजायचा नव्हता.

ती मावशीकडे गेली. मावशी म्हणजे कारखान्यात दुधाचे कॅन धुणारी. नात्यानं कुणाचीच नाही आणि हक्कानं सगळ्यांची. सुट्टीच्या दिवशी ती दारात बसून आपल्या रबरी बुटाला पंक्चरचं ठिगळ चिकटवत होती.

"ये मास्तरीणबाई, बस. पार वाळलीस बापासारखी."

"मावशी, सायकलला कुलूप होतं."

मावशीचा ठिगळावरचा अंगठा थांबला. "मेल्यांना तेवढीसुद्धा अक्कल नाही," ती बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली.

"कुठून पडले?"

मावशीनं रस्त्याकडे पाहिलं, कुणी नव्हतं. "वरच्या व्हॉल्व्हच्या शिडीवरून. पायऱ्या कायम ओल्या, कठडा सहा महिने तुटलेला. तुझा बाप रोज बोंबलायचा. साहेब म्हणायचे, हजार झाले की दुरुस्ती काढू, आत्ता वेल्डिंगवाला आणला आणि त्यालाच काही झालं तर?"

"आणि मग?"

"मग काय. इथं काही झालं की आधी गेटबाहेर. लिहिलेलं कुठं नाही, पण झाडूवालीपर्यंत सगळ्यांना पाठ. माझं बोट झाकणात चेमटलं ना, तर मी बोट तोंडात घालून गेटपर्यंत पळाले, आणि गेटचा रूळ ओलांडल्यावर बोंब ठोकली." ती हसली आणि हसू तिथंच मावळलं. "चौघांनी उचललं तुझ्या बापाला. दोन हात, दोन पाय. पोतं उचलतात तसं. मुकादम पुढं पळत होता."

"मग गाडी बोलावली?"

"आधी सायकल आणली. मग गाडी."

मावशीनं तिचा हात धरला. "तू शहाणी आहेस. माझ्या सुनेला आठवा महिना लागलाय. मागच्या खेपेला गाडीची वाट बघता बघता पोर हातचं गेलं, तुला माहितीये. हजाराला सोळा दिवस राहिलेत. ते होऊ देत. मग त्या मुकादमाला जोड्यानं मार, मी जोडा आणून देते."

"हजार झाल्यावर कोण खरं सांगेल, मावशी? तू सांगशील?"

मावशीनं हात सोडला. "मी आत्ता तरी काय सांगितलं? मी बूट चिकटवत होते. वाफवाले सायकलवरून पडले."

ती घरी आली. चौकीवर जाऊन सांगायचं काय? कुलूप नंतर लावलं म्हणतील. एका बाजूला सारं गाव, दुसऱ्या बाजूला एक किल्ली. तिला रडू येत नव्हतं. तिनं वाचनालयाला पत्र पाठवून रजा वाढवून घेतली.

आठवडाभरानं मुकादमकाका साहेबांना घेऊन आले. साहेब ओट्यावरच बसले, बूट काढावे लागू नयेत म्हणून.

"हजाराव्या दिवशी छोटासा कार्यक्रम आहे," साहेब म्हणाले. "समितीच्या डॉक्टरबाई येताहेत. आमच्या सगळ्यांच्या मनात आहे की हजाराचा आकडा तुम्ही लावावा. वाफवाल्यांची आठवण म्हणून. भाषणबिषण नको, फार तर दोन शब्द."

"हिचे दोन शब्द म्हणजे दोन तास, साहेब," काका म्हणाले. "आपली सकाळची पाळी संपेल." मग त्यांचा आवाज बसला. "नाही म्हणू नकोस, मास्तरीणबाई. तो असता तर..."

"असते तर त्यांनीच लावला असता," ती म्हणाली. "लावते मी."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो ठेवू दिला.

पाहुणे गेल्यावर आई बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत बसली. एकच शर्ट तिनं तीनदा उलगडला. "खरंच लावणार आहेस?"

"हो."

"कुलूप मला पण दिसलं होतं," आई खाली बघूनच म्हणाली. "त्याच दिवशी. काय करायचं, बाई? या गावात राहायचंय मला. एकदाची गाडी येऊ दे."

"सगळे गाडीचीच वाट बघताहेत. बाबांनीही बघितली, पन्नास मिनिटं."

पुढचे आठ-नऊ दिवस आईनं लेकीला भाजी जास्त वाढली, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही.

दुपारी आई कलंडली की ती मागच्या परसात जायची. तिथं ओट्याची उंची कमरेएवढी होती. पहिल्या दिवशी तिचं कोपर सोलवटलं. दुसऱ्या दिवशी ती खांद्यावर पडायला शिकली. तिसऱ्या दिवशी मान ढिली सोडून डोळे मिटून पडून राहिली, तेव्हा शेजारच्या कोंबड्या येऊन तिला टोचून गेल्या, तरी ती हलली नाही. एवढं मन लावून तिनं परीक्षेचा अभ्यासही केला नव्हता.

हजाराव्या दिवशी कारखान्याचं आवार धुऊन काढलं होतं. फरशीला सोड्याचा वास येत होता. खुर्च्यांच्या तीन ओळी, पहिल्या ओळीत समितीच्या डॉक्टरबाई आणि सोबतचे दोन कारकून. मावशी सुनेला घेऊन आली होती. सून पोट सावरत कडेच्या खुर्चीवर बसली. गेटबाहेर, झाडाखाली, ती पांढरी गाडी उभी होती. नवी कोरी, काचांवरचं प्लॅस्टिकही अजून तसंच. लोक येताना तिला हात लावून येत होते.

साहेबांनी भाषण केलं. सुरक्षितता ही आमची सवय झाली आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग तिचं नाव पुकारलं. मुकादमकाकांनी स्वतः शिडी धरली. चार पायऱ्यांची लाकडी शिडी. "सावकाश हं, पोरी," ते पुटपुटले. ती वर चढली, एकेक करून तिन्ही नऊ काढून त्यांच्या हातात दिले. एक लावला. शून्य लावलं. दुसऱ्या शून्यासाठी वाकली तेव्हा तिला काकांचं टक्कल दिसलं, त्यावरचे घामाचे थेंब दिसले, आणि क्षणभर वाटलं, राहू दे. मग तिनं हात सोडले.

पत्रा खणखणत फरशीवर घरंगळत गेला. ती खांद्यावर पडली, डोकं एका बाजूला लवंडलं. डोळे मिटलेले. एवढी शांतता पसरली की खुर्च्यांतलं कुणाचं तरी मूल चोखणी चोखत होतं, ते ऐकू आलं.

आणि मग काकांचा आवाज फुटला. त्या आवाजात भीती होती, माया होती, एकतीस वर्षांची ओळख होती. खोटं काहीच नव्हतं.

"अरे, बघताय काय! उचला तिला! गेटबाहेर! आधी गेटबाहेर घ्या!"

चार जोड हात आले. दोन काखेत, दोन पायांना. तिचं डोकं कुणाच्याच हातात नव्हतं. ते मागं लोंबत होतं आणि प्रत्येक पावलाला हिसका बसत होता. म्हणजे असं, तिच्या मनात आलं. असं नेलं बाबांना.

"थांबा! हलवू नका!" मागून बाईमाणसाचा आवाज येत होता. "खाली ठेवा तिला! मी डॉक्टर आहे, मी सांगतेय!" कुणी थांबलं नाही. पळणाऱ्यांच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही. त्यांचे पाय त्यांना नेत होते. गेटचा लोखंडी रूळ ओलांडल्यावर त्यांनी तिला रस्त्याकडेच्या मातीत ठेवलं आणि चौघांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला.

"सायकल आणू का, मुकादम?" एकानं विचारलं.

"हिची सायकल कुठाय, गाढवा!" काका ओरडले.

तेवढ्यात डॉक्टरबाई धापा टाकत पोचल्या. त्यांनी आधी तिच्या मानेला दोन्ही हातांनी आधार दिला, मग वर पाहिलं. "इथं का आणलंत? औषधपेटी आत, झोपवायची खाट आत, मी आत! मातीत कशाला आणून ठेवलंत?"

चौघं आपापल्या हातांकडे बघत होते, जणू ते हात दुसऱ्याच कुणाचे होते.

"आणि सायकल कसली?"

तिनं डोळे उघडले. "मला काही झालेलं नाही, डॉक्टरबाई. मी मुद्दाम पडले." ती उठून बसली, केसांतली माती झटकली आणि मुकादमकाकांकडे वळली. "काका, बाबांना इथंच ठेवलं होतंत, की वळणापर्यंत नेलंत?"

काका उभ्या उभ्या खाली बसले. भर रस्त्यात, इस्त्रीच्या नव्या कपड्यांत.

पुढचे दोन तास साहेबांच्या खोलीत चौकशी चालली. एकेकाला आत बोलावलं जात होतं आणि बाहेर पडणारा कुणाकडे न बघता घरी जात होता. आपल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, सगळं मुकादमच बघायचे, असं साहेबांनी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी कठड्यासाठी बाबांनी दिलेले चार अर्ज त्यांच्याच फायलीतून काढून टेबलावर ठेवले, तेव्हा चौथी वेळ आली नाही. खिडकीतून पांढरी गाडी वळताना दिसली. ती गावाकडे गेली नाही. जिल्ह्याच्या रस्त्याला लागली.

ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा मावशी व्हरांड्यात उभी होती. सून खाली पायरीवर बसून रडत होती.

"झालं समाधान?" मावशीनं विचारलं.

"अजून नाही, मावशी."

"बघ माझ्या सुनेकडे. नीट बघ आणि मग आत जा."

तिनं बघितलं, नीट बघितलं, आणि आत गेली.

मुकादमकाका टेबलासमोरच्या स्टुलावर बसले होते. दोन तासांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. डॉक्टरबाई त्यांना म्हणत होत्या, "उचलायचा हुकूम तुम्ही दिलात, एवढं चौघांनी सांगितलंय. आता तुमचं काय म्हणणं?"

"मी दिला," काका म्हणाले. "आज दिला. त्या दिवशी..." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "त्या दिवशी वाफवाला शुद्धीवर होता. मी म्हणालो, गड्या, हलू नको, फोन करतो. त्यानं माझी बाही धरली. म्हणाला, आधी बाहेर घे मला. शहात्तरवर मोडू नकोस, चोवीसच राहिलेत. पोरींना गाडी मिळू दे. देवाशप्पथ सांगतो. तो म्हणाला म्हणून मी."

खोलीत पंखा फिरत होता, कागदांच्या कडा फडफडत होत्या.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुमच्याशिवाय आणखी कुणी ऐकलं?"

"नाही. मी खाली वाकलो होतो."

"हे खरं असेल तर साऱ्यांचीच चूक झाली, असा अहवाल जाईल, तुमच्या एकट्याच्या नावानं नाही. खरं नसेल, तर आपल्या हुकमानं माणूस मेला, हे झाकायला तुम्ही मेलेल्याचं नाव पुढं करताय. मग प्रकरण पोलिसांत जाईल, आणि तिथं उभे राहाल ते तुम्ही एकटे." त्या तिच्याकडे वळल्या. "तुम्ही त्यांची मुलगी. असं म्हणणारा माणूस होता का तो?"

काका पुढं झुकले. "तू सांग, पोरी. तू ओळखतेस त्याला."

ती ओळखत होती. दीड वर्षापूर्वीची एक दुपार तिनं इतके दिवस मनाच्या अडगळीत ढकलून ठेवली होती. बाबांच्या हातावर वाफेची चिळकांडी उडाली होती, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोललेली. तो हात छातीशी धरून ते चालत गेटबाहेर गेले होते, रूळ ओलांडून मग खाली बसले होते. फोनवर त्यांनीच तिला सांगितलं होतं, मोठ्या फुशारकीनं. "चारशे अकरा होतं पाटीवर! एका भाजलेल्या हातापायी घालवू की काय?" आणि तीही हसली होती. म्हणाली होती, बाबा, तुमचाच पुतळा बसवतील आता. एकदाही म्हणाली नव्हती की पुन्हा असं करू नका.

बाही धरून म्हणाले असतील. अगदी याच शब्दांत म्हणाले असतील. तिला तो आवाज ऐकू येत होता.

काका तिच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती. त्यांना खात्री होती. वाफवाल्यांची मुलगी आहे, खोटं बोलणार नाही, एवढी.

कुणी म्हणालं असेल, तरी ऐकायचं नव्हतं, तिच्या मनात आलं. मान मोडलेल्या माणसाचं ऐकायचं नसतं. त्याला फक्त धरून ठेवायचं असतं.

"नाही," ती म्हणाली. "बाबा असं म्हणणारे नव्हते."

काकांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ती खोटं बोलली होती, हे त्यांना कळलं होतं. आणि त्यांना कळलंय, हे तिला दिसलं. तिनं नजर हटवली नाही.

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं, मग कागद फिरवून तिच्यापुढं सरकवला. तिनं सगळा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला आणि खाली सही केली. पूर्ण सही, मधलं बाबांचं नाव धरून.